सव्वाचारचं अ‍ॅव्हरेज

"आण्णा, ही घ्या," म्हणून मी गाडीची किल्ली झोपाळ्याच्या फळीवर ठेवली.

नेमगोंडा आण्णा नुकतेच बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आले होते. कपाळावरचं गंध अजून ओलं होतं. त्यांनी आधी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग दाराबाहेर, जिथे रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती.

"बंद पडली काय?"

"न्हाई. चालत आली की."

"मग किल्ली कशाला? ह्या वयात मला स्टेअरिंगवर बसवतोस व्हय?"

"गाडी परत घ्या, आण्णा. मला झेपत न्हाई. आजपातूर जे दिलंय त्यातलं काय द्यायचं ते द्या, न्हाई दिलं तरी चालंल. फकस्त मला परत ड्रायव्हर म्हणून ठिवून घ्या."

हे एवढं भाषण मी सांगलीपासून जयसिंगपूरपर्यंत पाठ करत आलो होतो. म्हणताना अडखळलो नाही, याचंच मला त्या वेळी बरं वाटलं.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. आण्णांच्या एकेकाळी मालवाहतुकीच्या सहा गाड्या होत्या. दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला लागली, धंद्यात कुणाला रस नव्हता, म्हणून आण्णा वर्षाला एक गाडी विकत गेले. शेवटची उरली ती सहा चाकी, जी मी नऊ वर्षं चालवली होती. ती त्यांनी मला देऊ केली. अडीच लाखाला ठरली. लाखभर रुपये मी आणि माझ्या बायकोनं, शालननं, होतं नव्हतं ते विकून उभे केले. उरलेले महिन्याला सात हजारांनी फेडायचे होते. मी कागद करू म्हणालो, तर आण्णा म्हणाले, "नऊ वर्सं गाडी तुझ्या ताब्यात दिली, तवा कुठला कागद केलावता?"

त्यावर मी खाली मान घातली होती. ती का घातली, ते पुढं येईलच.

मालक झालो. गावात लोक मला 'सर्जेरावशेठ' म्हणू लागले. चहाच्या टपरीवर माझ्या नावावर चार जण चहा पिऊ लागले, आणि शेठ म्हटल्यावर नाही तरी कसं म्हणायचं? पण आठ महिन्यांत अशी गत झाली, की शेठ तीन दिवसांची भाकरी फडक्यात बांधून नेत होता, आणि शेठाणी सकाळी सातला दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला जात होती. पाच हप्ते भरले, तीन थकले. गाडी एक दिवस उभी राहत नव्हती. मी घरी आलो तरी अंघोळ करून परत निघत होतो. एवढं राबून पैसा जातो कुठं, हेच मला कळत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी शालन मला म्हणाली होती, "दिऊन टाका गाडी. डायवर हुता तवा हसत तरी हुता." तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, की मी बूट घातले आणि निघालो. पण खरं सांगतो, जयसिंगपूरच्या वेशीत शिरताना माझे हात स्टेअरिंगवरून निघत नव्हते. ती गाडी गेली असती तर परत दुसरी घेण्याची ताकद या जन्मी माझ्यात आली नसती.

आण्णांनी किल्लीला हात लावला नाही. आत बायकोला हाक मारली, "आक्का, सर्ज्या आलाय. च्या टाका." मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, कोरी बाजू वर केली आणि पेन काढलं.

"एक खेप सांग. सांगली ते अहमदाबाद आणि परत. जाताना काय भरतोस?"

"हळद. आठ हजारात."

आण्णांचं पेन थांबलं. "आठ? बाजारात साडेनवाचा रेट हाय की."

"ट्रान्सपोर्टवाला ढवळे म्हणतोय, तुला परवडतंय. दुसऱ्यांस्नी ड्रायव्हर ठेवावा लागतो. तू मालक बी आणि ड्रायव्हर बी. दीड हजार सोडलंस म्हणून तुझं काय जातंय?"

"आणि तू सोडतोस."

"पण तवा कुठं लगेच माल मिळतोय, आण्णा. गाडी उभी राहत न्हाई."

"बरं. येताना?"

"वापीतनं कागद. साडेपाच हजार."

तेही बाजारापेक्षा दीड हजारानं कमी होतं. आण्णांनी लिहिलं. "डिझेल? अ‍ॅव्हरेज काय पडतंय?"

"साडेचार," मी म्हणालो.

"साडेचार," असं म्हणत त्यांनी आकडा लिहिला आणि खाली एक रेघ मारली.

आता मघाचं सांगतो. आण्णांच्या वहीत या गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला सव्वाचार किलोमीटर होतं. नऊ वर्षं जवळजवळ तेवढंच होतं. गाडी साडेचार देते, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. कारण मधला पावाचा फरक मी खेपेला वीस लिटरच्या हिशेबानं मुंबईच्या पुढच्या एका ढाब्यावर विकत होतो. ढाबेवाला नळी लावून डबा भरून घ्यायचा आणि पंपापेक्षा कमी भावानं रोख पैसे द्यायचा. सगळेच ड्रायव्हर करतात, असं मी स्वतःला सांगत असे. सगळे करत नाहीत, हेही मला माहीत होतं. गाडी विकत घेताना मी मनातल्या मनात खूश होतो, की आण्णांना सव्वाचारनं जेवढं सुटत होतं त्यापेक्षा मला खेपेला वीस लिटर जास्तच सुटणार. स्वतःच्याच टाकीतून कोण चोरतो?

तर हिशेब पुढे सरकला. टोल, हमाली, दलाली, चेकनाक्यावरचं, ग्रीसिंग. आण्णा एकेक विचारत गेले, मी एकेक सांगत गेलो.

"किती उरलं?"

"तीन हजार चारशे."

"महिन्याला चार खेपा, म्हणजे तेरा हजार सहाशे. त्यातनं माझा हप्ता जायचा सात. उरलं साडेसहा. त्यात टायर, विमा, पासिंग."

"गेल्या महिन्यात मागची दोन टायरं गेली, आण्णा. तिथंच सगळं गेलं."

"टायर जाणारच. पर ह्यात एक खर्च लिवायचा राहिलाय."

"कुठला?"

"बग की तूच."

मी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. दोरी आणि ताडपत्रीची शिलाईसुद्धा आली होती. "सगळं आलंय," मी म्हणालो.

"वीस लिटर," आण्णा म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कसलं वीस लिटर?"

"मुंबईच्या म्होरं ढाबा हाय बग, मागं चिंचंचं झाड. तितं उतरायचं ते."

नेमक्या त्याच वेळी आक्का चहा घेऊन आल्या. "काय रं सर्जेराव, किती वाळलास," म्हणाल्या, आणि कप माझ्यापुढे ठेवून आत गेल्या. मला तो कप उचलता येईना. पायांखालची शहाबादी फरशी मी त्या दिवशी जेवढी पाहिली, तेवढी आधीच्या नऊ वर्षांत पाहिली नव्हती.

"मी बी तुझ्यासारखाच डायवर हुतो, लेका," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "गाडीचं अ‍ॅव्हरेज मला न कळायला काय झालं? तुझ्या पयल्याच साली ध्यानात आलं. वाटंवरच्या दुसऱ्या एका डायवरनं ढाबा बी सांगितला."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलणार हुतो. राग आलावता. तुला काढून टाकायचं ठरवून रातच्याला वही घिऊन बसलो. तुझ्यासारखा डायवर, न पिणारा, गाडी न ठोकणारा, बाजारात धुंडला तर पगारात हजारभर जास्त मोजावं लागलं असतं. तू कवा तोंड उघडून मागितलं न्हाईस. मी कवा आपणहून दिलं न्हाई. वीस लिटरचं महिन्याला हुत हुतं जवळजवळ तेवढंच. मग वहीत लिवून टाकलं. डायवर: पगार, भत्ता, वीस लिटर. तवापासनं दर खेपंला लिवलंय."

चोरी करणाऱ्याला एकच भीती असते, ती पकडलं जाण्याची. पकडून वहीत पगार म्हणून लिहिलं जाण्याची तयारी कुणाची असते?

"मधी एकदा चाळीस झालं," आण्णा म्हणाले.

मी मान वर केली.

"तीन खेपा एका माग एक, चाळीस-चाळीस लिटर. अ‍ॅव्हरेज चारवर आलं. मी आक्काला म्हनलो, सर्ज्याच्या घरात कायतर झालंय. माणूस पाठवून चौकशी केली तवा कळलं, पोरगी जिन्यावनं पडलीया आणि पायात सळई घातलीया. तू मला सांगितलं सुदीक न्हवतास."

सारिका, माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची होती. मिरजेच्या दवाखान्यात पाच आठवडे होती.

"म्हणून त्या महिन्यात पगार वाढवला तुझा. चौथ्या खेपंला परत वीसवर आलास. मग मला बी बरं वाटलं. पोरगी बरी झाली म्हणायची."

ती पगारवाढ मला लख्ख आठवत होती. 'सालभरात गाडीला ओरखडा न्हाई, म्हणून वाढवतोय,' असं आण्णा सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाले होते. ती फुशारकी मी पुढं कितीतरी वर्षं लोकांना ऐकवत होतो. माझ्या टाकीतलं डिझेल बघून हा माणूस माझ्या घरातलं दुखणं ओळखत होता, आणि मी मात्र त्याला फसवलं म्हणून टपरीवर मिशीत हसत होतो. मला रडू आलं. चाळिशीच्या माणसानं दुसऱ्याच्या ओसरीवर रडू नये, पण आलं.

आण्णांनी मला रडू दिलं. चहा निवला तेव्हा तो बशीत ओतून पुढे सरकवला, आणि म्हणाले, "आता सांग. तुझ्या गाडीवर डायवर कोण?"

"मीच की."

"त्याला पगार काय देतोस?"

"मला कसला पगार, आण्णा? मी मालक न्हवं का."

"भत्ता?"

"भाकरी बांधून नेतोय."

"म्हंजे नऊ वर्सं मी सांभाळलेला डायवर तू आठ म्हयन्यात उपाशी मारलास. आणि त्याच्या पगाराचं पैसं ढवळ्याला भाड्यात सूट म्हणून वाटलंस. पैसा कुठं जातोय म्हणतोस, तिथं जातोय."

मी कागदाकडे पाहत राहिलो. एवढ्या बारीक खर्चांत मी स्वतःला कुठंच धरलं नव्हतं. हमालाला धरलं होतं, नाक्यावरच्या शिपायाला धरलं होतं.

"तू म्हणतोस, मला डायवर म्हणून ठेवून घ्या," आण्णा म्हणाले. "ठेवतो की. पर मी तुला पगार देणार चार हजार, भत्ता येगळा. असला डायवर ठेवून ही गाडी आठ हजारात अहमदाबादला धाडली, तर मला परवडंल?"

"न्हाई परवडणार."

"मला परवडत न्हाई, ते तुला कसं परवडंल?"

आण्णांनी पेनचं टोपण लावलं.

"आदी डिझेल. मग डायवर. मग टायरासाठी बाजूला. माझा हप्ता सगळ्यांच्या मागनं. हप्ता ऱ्हायला तर ऱ्हाऊ दे, डायवर ऱ्हाता कामा न्हाई. सहा महिनं असं करून बग. तरी न्हाई जमलं तर किल्ली आण, मी घेतो." मग त्यांनी किल्ली उचलून स्वतःच्या हातानं माझ्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात ढवळेच्या ऑफिसात गेलो. ढवळे पान लावत बसला होता. "या शेठ. अहमदाबाद आहे, आठ हजार. लगेच लावा गाडी."

"साडेनऊ," मी म्हणालो.

"अहो, तुम्हाला कसलं साडेनऊ? तुम्हाला ड्रायव्हरचा खर्च आहे का?"

"हाय. कालपास्नं."

"कोण ठेवला?"

"जुनाच हाय. नऊ वर्सं आण्णांच्या गाडीवर हुता. त्यो म्हणतोय, आठात जायाचं न्हाई."

ढवळेनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. म्हणाला, मग बसा तुमच्या ड्रायव्हरला घेऊन. मी बसलो. सोमवार गेला. मंगळवारी माझ्या डोळ्यांदेखत एक नवा कोरा मालक आठ हजारात हळद भरून गेला. त्याच्या गाडीला नवा हार होता. त्याच्याकडे मी बघत राहिलो, पण उठलो नाही. एक गाडी उभी ठेवणं हे ती चालवण्यापेक्षा अवघड असतं. बुधवारी दुपारी ढवळेनं स्वतः हाक मारली. "नऊ हजार दोनशे. वर एक रुपया मिळणार नाही." मी माल भरायला ताडपत्री सोडली.

वापीतही तसंच एक दिवस बसून सात हजारांचा माल घेतला. त्या महिन्यात खेपा तीनच झाल्या. पण महिनाअखेर टायर, विमा, पासिंगचं बाजूला काढून, ड्रायव्हरचे चार हजार काढूनही, हप्त्याला पाच हजार उरले. पुढच्या महिन्यात सात उरले. आण्णांना मी किल्ली परत द्यायला कधी गेलो नाही. थकलेलं सगळं धरून अडीच वर्षांत गाडी फिटली, आणि ती पुढं अकरा वर्षं माझ्याकडे होती.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या पगाराबद्दल.

चार हजार रुपये मी शालनच्या हातात ठेवले. ती नुकतीच बागेतून आली होती, हातांना द्राक्षाच्या औषधाचे निळे डाग होते. "ह्ये काय?" म्हणाली.

"पगार. डायवरचा."

"कुणी दिला?"

"मालकानं," मी म्हणालो. ती हसली. आठ महिन्यांनी हसली. मग तिनं त्यातले तीनशे रुपये काढून माझ्या खिशात कोंबले. "ह्यो भत्ता. वाटंत जेवायचं. पट्ट्याची दोन भोकं आत गेल्यात, मला दिसत न्हाई व्हय?"

तिचा तो हात खिशात असतानाच मला राहवलं नाही. नऊ वर्षं मी पगाराशिवाय जे पैसे तिला आणून देत होतो, ते 'माल भरणाऱ्या पार्टीनं बक्षीस दिलं' म्हणून देत होतो. मी तिला सगळं सांगून टाकलं. ढाबा, डबा, वीस लिटर, सारिकाच्या वेळचे चाळीस, आण्णांची वही.

तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "ठावं हुतं मला."

"काय ठावं हुतं?"

"बक्षिसाचं. अवो, नोटास्नी वास यायचा. हळदीच्या पार्टीचं बक्षीस डिझेलनं कसं घमघमंल?"

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"बोलून काय? तुमी सोडलं असतं व्हय? आण्णास्नी सांगावं तर तुमची नोकरी जायाची. पोरीचा पाय बी त्याच पैशात बरा झाला." ती मोरीपाशी बसून हात घासू लागली. "म्हणून मग मी उन्हाळ्यात आक्कांच्याकडं जायाची."

दर चैत्रात शालन आठ-दहा दिवस जयसिंगपूरला जायची, शेवया, पापड, सांडगे करायला. मालकाच्या बायकोची मर्जी राखते, असं मी समजत होतो. एकदा त्यावरून मी तिची चेष्टाही केली होती.

"आक्का पैसं द्यायच्या, म्या घेतलं न्हाई," ती म्हणाली. "लुगडं द्यायच्या, त्ये बी न्हाई. त्यास्नी वाटायचं, किती मायेची हाय. आणि मी खाली मान घालून दिस मोजायची, की आज एवढं फिटलं, उद्या एवढं फिटंल. त्यांच्या तोंडाकडं बगून कवा धड बोलले सुदीक न्हाई."

नऊ उन्हाळे. आण्णांनी जे केव्हाच पगारात धरून टाकलं होतं, ते माझी बायको नऊ उन्हाळे दुसऱ्याच्या अंगणात उन्हात बसून फेडत होती. मी तिच्या शेजारी खाली बसलो. तिचे ते निळे हात मी हातात घेतले आणि पाण्याखाली धरले.

"आक्कास्नी सांगू?" मी विचारलं.

"नगं," शालन म्हणाली. "हप्ता द्याला जाशीला तवा मला बी संगं न्या. मला एकदा त्यांच्या घरी नुसतंच जाऊन बसायचंय."